मॉडेल म्हणते ०.४, नळाला शून्य: क्लोरीनचा हिशोब का जुळत नाही आणि कुठून तपासायचा

पाणीपुरवठ्याच्या कामातल्या प्रत्येकाला हे लक्षण ओळखीचे आहे. एपानेट या संगणक प्रोग्राममध्ये शहराच्या पाइपांचे नेटवर्क बसवले, शुद्धीकरण केंद्रातून निघणाऱ्या पाण्यात १ पीपीएम (लिटरला १ मिलिग्रॅम) क्लोरीन धरला, रन घेतला. टेल एंडच्या, म्हणजे लाइनीच्या शेवटच्या टोकाच्या, नोडला (मॉडेलमधल्या बिंदूला) ०.४ दिसते. फील्डवरचा माणूस कळवतो की तिथल्या नळाला काहीच लागत नाही. पुन्हा तपासले तरी तेच. मग वॉल कोइफिशंट, म्हणजे पाइपची भिंत क्लोरीन किती वेगाने खाते तो आकडा, थोडा वाढवायचा, रन घ्यायचा, अजून थोडा वाढवायचा, असे करत मॉडेलचा आकडा ओढून फील्डच्या आकड्यावर आणतात. आलेख जुळतो, कॅलिब्रेशन झाल्याची नोंद होते. पुढच्या उन्हाळ्यात किंवा शेजारच्या झोनमध्ये फरक पुन्हा उभा राहतो.

तो परत परत येतो याचे कारण या सवयीतच आहे. वॉल कोइफिशंट प्रयोगशाळेत सहजी मोजता येत नाही, म्हणून बाकी सगळ्या चुका त्याच्या पोटात मावतात. चुकीचे एकक, चुकीच्या वेळी घेतलेला नमुना, टाकीत दोन दिवस पडून राहिलेले पाणी, सगळे त्यात जिरते. सर्वांत वाईट म्हणजे गटाराच्या कडेने जाणाऱ्या फुटक्या सांध्यातून आत आलेले सांडपाणीही त्यात जिरते. तिथे क्लोरीन मैल्यावर खर्च होत असतो आणि आपल्या फाइलमध्ये त्याची नोंद ‘जुना बिडाचा पाइप’ अशी होते. म्हणून माझे म्हणणे ठाम आहे: वॉल कोइफिशंटला सगळ्यात शेवटी हात लावा.

नमुना कुठला, किती वाजताचा

पहिला संशय मॉडेलवर घेऊ नका, नमुन्यावर घ्या. आपल्याकडे पुष्कळ घरांत पाणी आधी जमिनीतल्या हौदात पडते, तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढते. स्वयंपाकघरातल्या नळाला येते ते त्या टाकीचे पाणी. नेटवर्कच्या मॉडेलमध्ये ती टाकीच नसते. तुलनेसाठी मीटरजवळचा, लाइनवरून थेट येणाऱ्या नळाचा नमुना हवा. बाटलीवर दोन वेळा लिहिलेल्या हव्यात: पाणी सुटले कधी आणि नमुना घेतला कधी. यातली एक जरी वेळ नसली तरी तो आकडा कॅलिब्रेशनला वापरू नये.

ग्रामपंचायतींत अजून ऑर्थोटोलिडिनची ओटी टेस्ट चालते. क्लोरीन आहे की नाही एवढे पाहायला जलसुरक्षकाला ती सोयीची आहे. पण रंग लगेच वाचला नाही तर संयुक्त (अमोनियासारख्या पदार्थांशी जोडला गेलेला) क्लोरीनही त्यात मिसळून दिसतो, आणि पाण्यात नायट्राइट किंवा मँगनीज असले तर क्लोरीन नसताना पिवळी छटा येऊ शकते. मॉडेलसाठी डीपीडी हे क्लोरीनने गुलाबी होणारे रसायन आणि रंग मोजणारा फोटोमीटरच वापरा. डीपीडीची १ नंबरची गोळी मुक्त क्लोरीन दाखवते, त्याच नमुन्यात ३ नंबरची टाकली की एकूण क्लोरीन कळतो. दोन्ही वाचा आणि दोन्ही लिहून ठेवा. त्यांच्यातला फरक, म्हणजे संयुक्त क्लोरीन, शेवटी फार उपयोगी पडणार आहे. डोस देण्याच्या जागेजवळ नमुना घेताना एक सावधगिरी: क्लोरीन फारच जास्त असेल तर डीपीडीचा गुलाबी रंग उडून पाणी स्वच्छ दिसते. तसा संशय आल्यास नमुना क्लोरीन न खाणाऱ्या डिस्टिल्ड पाण्याने पातळ करून पुन्हा वाचा.

कुठल्या आकड्यापर्यंत पोहोचायचे तेही आधीच ठरलेले असावे. आयएस १०५००:२०१२ या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे ग्राहकाच्या नळाला किमान ०.२ पीपीएम मुक्त क्लोरीन हवा, आणि विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेव्हा किमान ०.५. इचलकरंजीत २०१२ साली हेपटायटिस ई या विषाणूजन्य काविळीची मोठी साथ आली होती. काविळीचा इतिहास असलेल्या झोनमध्ये ०.२ दाखवून ‘पास’ लिहिणे मला पटत नाही.

फाइलमधल्या चुका

हा भाग एका बैठकीत उरकतो आणि निम्मे प्रश्न इथेच सुटतात.

एपानेटमध्ये क्लोरीन घटतो म्हणून बल्क (पाण्यातच होणारी घट) आणि वॉल दोन्ही कोइफिशंट उणे चिन्हाने भरायचे असतात. ते चिन्ह लावायचे राहिले तर क्लोरीन वाटेत वाढत जातो. एखाद्या लांबच्या नोडला केंद्रापेक्षा जास्त आकडा दिसला की दुसरे काही शोधू नका, चिन्ह बघा.

बल्क कोइफिशंट दर दिवसाचा भरायचा असतो. बाटली चाचणीचा तक्ता मात्र तासांत असतो. तासाला ०.०२ म्हणजे दिवसाला ०.४८. कोणी ०.०२ तसेच टाकले तर १ पीपीएमचे २४ तासांनी ०.९८ उरते, खरे उत्तर ०.६२ आहे. टेल एंडला मॉडेल खुशाल आकडा दाखवते त्याचे हे अगदी नेहमीचे कारण.

वॉल कोइफिशंटचे एकक प्रवाहाच्या एककावर ठरते. प्रवाह एलपीएस (सेकंदाला लिटर), एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर) किंवा घनमीटरमध्ये असेल तर मीटर प्रति दिवस, गॅलनमध्ये असेल तर फूट प्रति दिवस. अमेरिकेतल्या एखाद्या अभ्यासातून उचललेला १ हा आकडा आपल्या फाइलमध्ये ०.३०४८ व्हायला हवा. आणि मध्येच प्रवाहाचे एकक बदलले तर एपानेट आधी भरलेले आकडे आपणहून बदलून देत नाही.

उंच टाकीवर बूस्टर (वाटेत पुन्हा क्लोरीन देणारे यंत्र) लावला आणि मॉडेलमध्ये काहीच हलले नाही, अशी तक्रार बरेचदा ऐकू येते. तिथे सोर्सचा प्रकार ‘कॉन्सन्ट्रेशन’ ठेवलेला असतो. तो प्रकार फक्त नेटवर्कमध्ये बाहेरून येणाऱ्या पाण्याला लागू होतो, म्हणजे रिझर्व्हॉयरमधून येणाऱ्या किंवा नोडवर उणे मागणी देऊन आत सोडलेल्या पाण्याला. वाटेतल्या डोससाठी ‘सेटपॉइंट बूस्टर’ किंवा ‘मास बूस्टर’ निवडावा लागतो.

रन किती तासांचा आहे? टाक्यांत एक-दोन दिवसांचे पाणी साठत असेल तर २४ तासांच्या रनमध्ये दिसते ती तुम्ही भरलेली सुरुवातीची स्थिती. दहा-बारा दिवसांचा रन घ्या, रोजचा आलेख स्वतःची पुनरावृत्ती करू लागला आहे ना ते पाहा आणि फक्त शेवटचा दिवस वाचा. त्याआधी क्वालिटीचा पर्याय ‘एज’ वर टाकून पाण्याचे वय (केंद्रातून निघाल्यापासूनचा वेळ) काढा. वयच चुकत असेल तर क्लोरीन कसा जुळेल? शून्य मागणीच्या डेड एंडला वय रनच्या लांबीबरोबर वाढत जाते. असे नोड तुलनेतून काढून टाका. क्वालिटी टाइमस्टेप, म्हणजे हिशोबाचा टप्पा, मुळात ५ मिनिटांचा असतो. लहान लाइनी पुष्कळ असतील तर तो १ मिनिट करून बघा. उत्तर बदलले तर आधीच्या निकालावर विसंबू नका.

आता डोस. जिथे टीसीएल (ब्लीचिंग) पावडर वापरतात तिथे ‘१ पीपीएम दिला’ हे कागदावरचे वाक्य असू शकते. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन धरतात. १ लाख लिटरला १ पीपीएमसाठी साधारण ३०० ग्रॅम लागते. तीच पोती उन्हात, दमट खोलीत पडून २० टक्क्यांवर आली तर तेवढ्याच ३०० ग्रॅममध्ये ०.६ पीपीएम मिळतो. त्यामुळे मॉडेलला डोसच्या हिशोबाचा आकडा देऊ नका, आउटलेटला मोजलेला आकडा द्या.

खंडित पुरवठा: इथे सगळ्यात जास्त चुकते

एपानेट अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेत लुईस रॉसमन यांच्या पुढाकाराने १९९३ साली आले. रॉसमन, क्लार्क आणि ग्रेमन यांनी १९९४ मध्ये पाण्यातील, भिंतीवरील आणि भिंतीपर्यंत पोहोचण्याच्या गतीचा एकत्र विचार करणारे क्लोरीनचे मॉडेल मांडले, त्याची पडताळणी कनेक्टिकटमधल्या नेटवर्कवर झाली होती. तिथे पाइप चोवीस तास भरलेले आणि दाबाखाली असतात. आपल्या बहुतेक गावांत पाणी दिवसाला एक-दोन तास सुटते, कुठे दिवसाआड. गृहीतक आणि वस्तुस्थिती यांतले हे अंतर कुठल्याही कोइफिशंटने भरून निघणारे नाही.

नेहमीची पद्धत अशी की दिवसाची मागणी २४ तासांवर सरासरीने पसरवतात. उदाहरण घेऊ. १५० मि.मी. व्यासाची ११३० मीटर लाइन, तिच्यात २० घनमीटर पाणी मावते. टोकाला दिवसाची मागणी १२० घनमीटर. २४ तासांवर पसरवली तर तासाला ५ घनमीटर वाहते आणि टोकाच्या पाण्याचे वय सगळा दिवस ४ तास निघते. मॉडेलमध्ये क्लोरीनची एक सरळ रेषा दिसते.

प्रत्यक्षात तेच १२० घनमीटर २ तासांत जातात, तासाला ६० घनमीटर. पाणी सुटले की पहिली २० मिनिटे नळाला येते ते कालपासून २२ तास लाइनमध्ये थांबलेले पाणी. त्यानंतर येणाऱ्या पाण्याचे वय जेमतेम २० मिनिटे. ४ तास वयाचे पाणी या नळाला कधी येतच नाही. आता नमुना घेणारा पाणी सुटल्याबरोबर पोहोचला तर त्याला शून्याजवळचा आकडा मिळेल, तासाभराने पोहोचला तर मॉडेलपेक्षा चांगला. नमुन्याची वेळ लिहिण्याचा आग्रह मी याच कारणाने धरतो.

उपाय अवघड नाही. मागणीचा पॅटर्न पुरवठ्याच्या तासांचा करा, बाकी तास शून्य. दोन तास पुरवठा असेल तर त्या तासांत गुणक १२. हायड्रॉलिक टाइमस्टेप १ तासाचा ठेवू नका, ५ किंवा १० मिनिटांचा करा, नाहीतर ती पहिली २० मिनिटे दिसणारच नाहीत. झोनचे व्हॉल्व्ह ज्या क्रमाने उघडतात तो क्रम व्हॉल्व्हमनला विचारा आणि तसाच कंट्रोलमध्ये टाका. व्हॉल्व्हमनइतकी त्या लाइनीची माहिती कोणत्याही नकाशात नसते.

एवढे करूनही एक गोष्ट उरते. मॉडेल पाइप भरलेला धरते. उताराच्या भागात लाइन रिकामी होते, हवा आत शिरते, गळतीच्या जागेतून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. पाणी सुटल्यावरचा तो पहिला लोंढा एपानेटच्या आवाक्याबाहेर आहे. त्याचे नमुने घ्या, जरूर घ्या, पण वेगळ्या तक्त्यात ठेवा आणि कॅलिब्रेशन नंतरच्या नमुन्यांवर करा.

बाटली चाचणी स्वतः करा

बल्क कोइफिशंट पुस्तकातून उचलण्याची गरज नसते. तो तुमच्या पाण्याचा गुण आहे आणि तुमच्याच पाण्यावर स्वस्तात मोजता येतो. गडद काचेच्या बाटल्या आधी जास्त क्लोरीनच्या पाण्यात एक दिवस भिजवून नीट धुवा, म्हणजे काच स्वतः क्लोरीन खाणार नाही. केंद्राच्या आउटलेटचे पाणी काठोकाठ भरा, वर हवा राहू देऊ नका, अंधारात ठेवा. अर्धा तास, १, २, ४, ८, २४, ४८ तासांनी प्रत्येक वेळी नवी बाटली फोडून मोजा. उघडलेली बाटली परत ठेवायची नाही. उरलेल्या आणि मूळ क्लोरीनच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगरिदम वेळेसमोर मांडला की उताराची रेघ मिळते.

रेघ सुरुवातीला तीव्र आणि नंतर सौम्य येते. सुरुवातीचे काही तास सहज क्रिया करणारे पदार्थ क्लोरीन भराभर खातात. ही पहिली घट केंद्रातच शुद्ध पाण्याच्या टाकीत होऊन गेली असेल तर नेटवर्कसाठी नंतरचा सौम्य उतार घ्या. दोन्ही एकाच रेघेत कोंबल्या तर जवळच्या नोडला मॉडेल जास्त दाखवेल आणि लांबच्या नोडला कमी. असे चित्र कुठेही दिसले तर बाटली चाचणीकडे परत या. वाटेत बूस्टर असेल तर त्याच्या पुढच्या पाण्याची चाचणी वेगळी करा, कारण एकदा क्लोरीन खाऊन झालेल्या पाण्याचा उतार कमी होतो. एकाच आकड्यात हे बसवणे अशक्य झाले तर एपानेटचा एमएसएक्स हा विस्तार आहे. त्यात जलद आणि मंद असे दोन घटक वेगळे धरता येतात.

तापमान सोडून चालणार नाही. पाणी १० अंशांनी तापले की हा कोइफिशंट साधारण दुप्पट किंवा त्याहून थोडा जास्त होतो. डिसेंबरात कॅलिब्रेट केलेले विदर्भातले मॉडेल मे महिन्यात चुकणारच. बाटल्या वातानुकूलित खोलीत ठेवू नका, लाइनमधल्या पाण्याच्या तापमानाला ठेवा आणि उन्हाळ्याची चाचणी वेगळी करा.

टाकीबद्दल थोडक्यात. एपानेट मुळात टाकीतले पाणी पूर्ण मिसळलेले धरते. पाणी ज्या पाइपने चढते त्यानेच उतरत असेल तर वरचा थर बरेच दिवस जुना राहू शकतो. टाकीच्या तळाचा आणि पृष्ठभागाजवळचा क्लोरीन एकाच वेळी मोजा. मोठा फरक आला तर मिक्सिंगचा पर्याय बदला.

आता भिंत

हिशोबात भिंतीचा वाटा ४ भागिले व्यास या प्रमाणात येतो. वॉल कोइफिशंट दिवसाला ०.१ मीटर धरला आणि पाणी जोरात वाहत असेल तर १०० मि.मी.च्या पाइपमध्ये भिंतीमुळे दिवसाला ४ च्या जवळपास दराने क्लोरीन जातो, ५०० मि.मी.मध्ये ०.८ च्या जवळपास. यामुळे मुख्य वाहिनीत भिंत फारशी जाणवत नाही आणि गल्लीतल्या लाइनीत बल्कलाही मागे टाकते.

पण क्लोरीन भिंतीपर्यंत पोहोचायलाही हवा. प्रवाह संथ असेल तर तो पोहोचतच नाही. १०० मि.मी.ची २०० मीटर लाइन, वेग सेकंदाला १ सेंटिमीटर. एपानेटच्याच सूत्रांनी काढले तर वॉल कोइफिशंट ०.१ असताना भिंतीचा दर दिवसाला सुमारे ०.४५ येतो. तो दहापट करून १ केला तर ०.५०. पुढे कितीही वाढवला तरी ०.५१ च्या वर जात नाही. थांबलेल्या पाण्यात तर मर्यादा आणखी खाली, ०.०८ च्या आसपास.

म्हणजे संथ टेल एंडला आकडा खाली आणण्यासाठी ग्लोबल वॉल कोइफिशंट वाढवत जाणाऱ्याला तिथे काहीच मिळत नाही. मधल्या, चांगल्या वाहणाऱ्या लाइनींचे उत्तर तेवढे बिघडते. वॉल कोइफिशंट दुप्पट करूनही तुमचा नोड हलत नसेल तर त्या नोडचा रोग भिंतीत नाही, हे मॉडेलच सांगते आहे.

ग्लोबल आकडा मी वापरतच नाही. पाइप जातीप्रमाणे आणि वयाप्रमाणे गटांत लावा: अस्तर नसलेले जुने बिडाचे, सिमेंट अस्तराचे डीआय (डक्टाइल आयर्न), प्लास्टिकचे पीव्हीसी आणि एचडीपीई. प्लास्टिकला शून्याजवळचा आकडा देऊन सुरुवात करा. बिडाच्या गटासाठी एखादी सरळ, फाटे नसलेली लाइन शोधा, पाणी चालू असताना दोन्ही टोकांना क्लोरीन मोजा, मधल्या प्रवासाचा वेळ काढा, त्यातून बल्कचा वाटा वजा करा. उरते ते भिंतीचे.

तरीही एका गल्लीत फरक उरला तर

सगळा झोन जुळतो आहे, त्याच जातीच्या आणि वयाच्या शेजारच्या लाइनीही जुळत आहेत, आणि एकाच फाट्यावर शून्य येते. इथे वॉल कोइफिशंट वाढवणे म्हणजे धोक्याची सूचना हाताने पुसून टाकणे.

आता तो संयुक्त क्लोरीनचा आकडा काढा. केंद्राच्या आउटलेटला संयुक्त क्लोरीन नगण्य आहे आणि या गल्लीत मुक्त जवळजवळ शून्य, पण एकूणमध्ये काही उरलेला दिसतो, तर वाटेत अमोनिया मिसळला आहे. सांडपाण्यात तो भरपूर असतो. १ भाग अमोनिया नायट्रोजन पुरता नाहीसा करायला वजनाने सुमारे ७.६ भाग क्लोरीन लागतो, ०.१ पीपीएम अमोनिया नायट्रोजनसुद्धा पाऊण पीपीएम मुक्त क्लोरीन गिळतो. सोबत टीडीएस (विरघळलेले क्षार) आणि गढूळपणा पाहा, विशेषतः पाणी सुटल्याबरोबरचा आणि अर्ध्या तासानंतरचा. सुरुवातीला दोन्ही चढलेले आणि नंतर उतरलेले दिसले तर पाणी बंद असताना बाहेरून काहीतरी आत येते आहे. एच२एस व्हायल (दूषित पाणी ओळखणारी चाचणी-बाटली) लावा, कोलिफॉर्मसाठी नमुना प्रयोगशाळेत पाठवा, आणि निकालाची वाट न पाहता लाइन चालून या: गटार ओलांडणाऱ्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाच्या) जोडण्या, पाण्यात बुडालेले व्हॉल्व्ह चेंबर, रस्ता खणल्यावर घाईत केलेले सांधे.

केंद्रावर डोस वाढवून ही गल्ली भरून काढू नका. आयएस १०५०० ची वरची मर्यादा १ पीपीएम आहे, ती जवळच्या ग्राहकांकडे ओलांडली जाईल. इकडे शिरणारे सांडपाणी शिरतच राहील. त्या भागातल्या लोकांना पाणी उकळून पिण्याचे सांगा, लाइन दुरुस्तीला लावा. मॉडेलमध्ये त्या पाइपचा वॉल कोइफिशंट शेजारच्या पाइपांएवढाच ठेवा आणि अहवालात गल्लीचे नाव लिहून न जुळणारा आकडा तसाच दाखवा. दुरुस्ती झाल्यावर त्याच नळाचा नमुना घ्या, पाणी सुटल्यापासून तेवढ्याच मिनिटांनी.